जुन्या पोस्ट आपोआप उडवणारी स्क्रिप्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठरावीक मुदत उलटलेल्या माझ्या पोस्ट आपोआप डिलीट करणारी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी बरीच वर्षं चालवते आहे. तिच्याबद्दल कळलं की लोक जे प्रश्न विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रोग्रामिंग येत नसलं तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल. कोड दोन तासांत लिहून होतो. काय ठेवायचं हे ठरवायला दोन आठवडे लागतात.

लपवण्यासारखं काही नसेल तर जुन्या पोस्ट कशाला उडवायच्या?

सोशल मीडियावरचं लिखाण जन्माला येतं गप्पांसारखं आणि साठवलं जातं दस्तऐवजासारखं. कुठल्याशा सामन्याच्या रात्री चिडून लिहिलेली ओळ त्या रात्री सगळ्यांना कळते, कारण सामना सगळ्यांनीच पाहिलेला असतो. दहा वर्षांनी तीच ओळ शोधून काढणाऱ्याला सामना दिसत नाही, फक्त चीड दिसते.

दुसरं कारण अधिक व्यावहारिक आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांना दिलेलं उत्तर, शाळेच्या जुन्या फोटोखालची टिप्पणी, पाळलेल्या कुत्र्याचं नाव, घर बदलल्याचा आनंद, प्रवासाला निघाल्याची खबर. यातली प्रत्येक पोस्ट एकटी निरुपद्रवी असते. दहा वर्षांच्या पोस्ट एकत्र ठेवल्या की तुमच्या ओळखीची आणि सवयींची पूर्ण कुंडली तयार होते. पासवर्ड विसरल्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं बहुधा तिच्यातच सापडतात. फसवणूक करणाऱ्याला तुमचं गुपित लागत नाही. खात्रीने बोलता येईल एवढा तपशील पुरतो.

मग सरळ खातंच बंद का करू नये?

काहींसाठी तोच योग्य मार्ग आहे. पण आधी दोन गोष्टी तपासा. खातं गेल्यावर तुमचं वापरकर्तानाव दुसऱ्याला घेता येतं का? येत असेल, तर तुमच्या नावाने लिहिणारा कुणीही उगवू शकतो आणि जुन्या लिंका त्याच्याकडे जातात. रिकामं खातं निदान नावावर पहारा देतं.

दुसरी गोष्ट, खातं बंद केल्यावर पोस्टही जातात असं गृहीत धरू नका. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर खातं डिलीट केलं तरी तुमच्या पोस्ट आणि टिप्पण्या तिथेच राहतात, फक्त त्यांच्यावरचं नाव जातं. शिवाय खातं गेल्यानंतर त्या पुसण्याची किल्लीही तुमच्या हातात उरत नाही. म्हणून तिथे क्रम ठरलेला: आधी पोस्ट, मग खातं.

स्क्रिप्ट नेमकं काय करते?

तीनच कामं. तुमच्या पोस्टची यादी मिळवते, त्या यादीला तुम्ही ठरवलेली चाळणी लावते आणि चाळणीतून खाली पडलेली पोस्ट डिलीट करण्याची विनंती सर्व्हरला पाठवते. विनंती जाते ती एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे आयते कोडसंच, आहेत: एक्स, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरसाठी ट्वीपी, रेडिटसाठी प्रॉ, मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या सेवेसाठी मॅस्टोडॉन डॉट पाय. शंभरेक ओळींत सगळं मावतं. बिघडतं ते नेहमी मधल्या टप्प्यात, म्हणून पुढची बरीच उत्तरं चाळणीभोवती फिरतात.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःच्या डेटाची पूर्ण प्रत मागवण्यापासून. जवळपास प्रत्येक मोठ्या सेवेच्या सेटिंग्जमध्ये 'तुमची माहिती डाउनलोड करा' अशा अर्थाचा पर्याय असतो. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याने आपल्या माहितीची प्रत मागण्याचा आणि ती पुसून घेण्याचा हक्क लोकांना दिला. प्रत लगेच मिळत नाही. कधी काही तास, कधी काही दिवस लागतात. तोवर स्क्रिप्टला हात लावू नका.

प्रत दोन कारणांसाठी हवी. एक तर डिलीट झालेलं परत येत नाही. दुसरं कारण तांत्रिक आहे: एपीआय तुमच्या सगळ्या पोस्ट दाखवतच नाही. ट्विटरच्या एपीआयने खात्यावरच्या अगदी अलीकडच्या सुमारे ३२०० पोस्टच मागता येत. रेडिटच्या याद्या साधारण १००० नोंदींवर थांबतात. म्हणजे ज्या सर्वांत जुन्या पोस्ट उडवायच्या, नेमक्या त्याच स्क्रिप्टला दिसत नाहीत. 'चालवली, काम पूर्ण झालं म्हणाली, आणि २०११ च्या पोस्ट अजून तशाच आहेत' ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे, आणि तिचं मूळ इथे आहे. उपाय असा की यादी एपीआयकडून घ्यायचीच नाही. डाउनलोड केलेल्या प्रतीत प्रत्येक पोस्टचा क्रमांक असतो. तो वाचायचा आणि एपीआयला फक्त डिलीट करायला सांगायचं.

ट्विटरच्या प्रतीत 'डेटा' फोल्डरमध्ये 'ट्वीट्स' नावाची जावास्क्रिप्ट फाइल असते. ती थेट जेसन (माहिती लिहून ठेवण्याची एक ठरावीक पद्धत) म्हणून वाचायला गेलात तर पहिल्याच ओळीवर चूक येते, कारण फाइलच्या तोंडाशी व्हेरिएबलला किंमत देणारा एक तुकडा चिकटवलेला असतो. पहिल्या चौकोनी कंसाच्या आधीचं सगळं कापून टाका, उरतं ते स्वच्छ जेसन. खूप लिहिणाऱ्यांच्या प्रतीत अशा एकाहून अधिक फाइली असतात. एकच वाचून थांबू नका.

आणि ही झिप फाइल जपा. तिच्यात खासगी संदेश असतात, ईमेल आणि फोन नंबर असतो, लॉगिनच्या नोंदी असतात. उघड्या पोस्टपेक्षा ती कितीतरी नाजूक. दुसऱ्याच्या संगणकावर किंवा शेअर केलेल्या ड्राइव्हवर ती टाकून दिली तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं होईल.

प्रत हातात आली म्हणजे सगळं सुरक्षित, बरोबर?

नाही. हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या वर्षी माझ्या स्क्रिप्टमध्ये एकच नियम होता: दोन वर्षांपेक्षा जुनी पोस्ट उडव. एक जवळची मैत्रीण गेली तेव्हा मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांच्याखाली तिला ओळखणाऱ्या अनेकांनी तिच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यातल्या कितीतरी गोष्टी मला तोपर्यंत माहीतही नव्हत्या. दोन वर्षं भरली त्या रात्री स्क्रिप्टने तिचं काम केलं. पोस्टबरोबर खालच्या टिप्पण्याही गेल्या. मी डाउनलोड केलेली प्रत उघडली, तर तिच्यात माझ्या चार ओळी होत्या. बाकी कुणाचंच काही नव्हतं.

ही काही त्या सेवेची चूक नाही. 'तुमचा डेटा' म्हणजे तुम्ही लिहिलेलं. इतरांनी तुम्हाला दिलेली उत्तरं हा त्यांचा डेटा, आणि बहुतेक ठिकाणी तो तुमच्या प्रतीत येत नाही. म्हणून आता माझी स्क्रिप्ट उत्तरांची संख्या पाहते. दहापेक्षा जास्त उत्तरं असलेली पोस्ट ती स्वतःहून उडवत नाही, वेगळ्या यादीत लिहून ठेवते. ती यादी मी डोळ्यांनी पाहते, हवं ते पान पीडीएफ करून ठेवते आणि मगच परवानगी देते.

काय ठेवायचं हे कसं ठरवू?

उलट्या बाजूने सुरुवात करा. 'काय उडवू?' विचारलंत तर उत्तर येतं 'सगळंच', आणि मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. आधी राखीव यादी लिहा, मग मुदत ठरवा.

माझ्या राखीव यादीत वर पिन केलेली पोस्ट आहे. स्वतःच लाइक केलेल्या पोस्ट आहेत. ही युक्ती फार सोयीची आहे: जपायची पोस्ट दिसली की तिला आपणच लाइक द्यायचं, स्क्रिप्टला खूण कळते, फाइल उघडून क्रमांक लिहिण्याची गरज पडत नाही. कुणाच्या तांत्रिक अडचणीला दिलेलं उत्तरही मी ठेवते, कारण तीच अडचण घेऊन शोधत येणारा माणूस आजही तिथे पोहोचतो. मालिकेतल्या पोस्ट एक तर पूर्ण ठेवाव्यात किंवा पूर्ण उडवाव्यात. मधल्याच दोन गेल्या तर उरलेल्यांचा अर्थ उलटा लागू शकतो. मालिका ओळखायला 'कोणत्या पोस्टला उत्तर' हा रकाना बघून साखळी मागे न्यावी लागते. हा कोडमधला सर्वांत किचकट भाग, पण तो टाळू नका.

किती जणांनी लाइक केलं यावर निवड करणाऱ्या स्क्रिप्ट बऱ्याच आहेत. मला ती कसोटी पुरेशी वाटत नाही. भांडणाच्या पोस्टना सर्वाधिक प्रतिसाद मिळतो आणि तीच माणसाला पुढे नकोशी होते, तर आईच्या हस्ताक्षराचा फोटो तिघांनी पाहिलेला असतो.

मुदत किती? बातम्यांवरच्या तात्कालिक टिप्पण्यांना मी तीन महिने देते, बाकीच्यांना एक वर्ष. उत्तरं आणि मूळ पोस्ट यांना वेगळी मुदत ठेवायला हरकत नाही. पहिल्या वेळी मात्र मुदत लांब ठेवा, पाच वर्षं म्हणा, आणि हळूहळू खाली आणा.

पोस्ट किती जुनी आहे हे स्क्रिप्टला कसं कळतं?

तारखेच्या रकान्यातून, आणि इथेच अनेक घरगुती स्क्रिप्ट घसरतात. ट्विटरच्या प्रतीतली तारीख इंग्रजी वाराच्या नावाने सुरू होते, मग महिना, दिवस, वेळ आणि अगदी शेवटी वर्ष. ती मजकूर म्हणूनच मागेपुढे लावली, तर आदल्या वर्षाचा शुक्रवार आणि काल-परवाचा शुक्रवार शेजारी येतात. आधी तिचं खऱ्या तारखेत रूपांतर करा. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तुमच्या संगणकाची वेळ वेगळी असते. एका वर्षाच्या मुदतीला काही तासांचा फरक पडला तर बिघडत नाही, पण एका दिवसाच्या मुदतीला पडतो.

तारीख नसली, नुसता क्रमांक असला, तरी चालतं. नोव्हेंबर २०१० पासून ट्विटरचे क्रमांक स्नोफ्लेक पद्धतीने बनतात आणि त्यांच्या पोटातच वेळ असते. ६४ बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या ६४ अंकांच्या, या आकड्यात ४१ बिट वेळेसाठी, १० यंत्राच्या ओळखीसाठी आणि १२ त्याच मिलिसेकंदातल्या अनुक्रमासाठी असतात. पोस्टच्या क्रमांकाला ४१९४३०४ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि उत्तरात १२८८८३४९७४६५७ मिळवा. जे येईल ते १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर करून पाहिलं होतं, सेकंदापर्यंत जुळलं.

याच क्रमांकांची एक खोडही आहे. ते आता १९ अंकी आहेत. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहतीलच असं नाही आणि एक्सेल १५ अंकांनंतर शून्यं भरतं. क्रमांक नेहमी मजकूर म्हणून वाचा. नाहीतर शेवटचे अंक बदलतात आणि स्क्रिप्ट अस्तित्वात नसलेल्या पोस्ट पुसत बसते.

चुकून भलतंच उडू नये म्हणून काय करावं?

रंगीत तालीम. स्क्रिप्टमध्ये असा पर्याय ठेवा की ती सगळं करेल, फक्त शेवटची डिलीटची विनंती पाठवणार नाही; त्याऐवजी 'ही पोस्ट उडवली असती' असं तारीख, मजकूर आणि कारणासह एका फाइलमध्ये लिहील. मूळ अवस्था हीच असावी. खरोखर उडवायचं असेल तेव्हा मुद्दाम वेगळा आदेश द्यावा लागावा.

ती फाइल नुसती वरवर चाळू नका. सर्वांत जुन्या वीस, सर्वांत नव्या वीस आणि मधून कुठूनही वीस पोस्ट नीट वाचा. नव्या वीस विशेष महत्त्वाच्या, कारण मुदतीची सीमा चुकली असेल तर ती तिथेच दिसते. मग एकाच महिन्याच्या पोस्टवर खरी फेरी घ्या. एका फेरीत जास्तीत जास्त किती पोस्ट उडवायच्या याचा आकडाही कोडमध्ये पक्का लिहून ठेवा. एरवी रोज पाच-दहा पोस्ट जात असताना एखाद्या दिवशी पाचशे निघाल्या, तर काहीतरी बिनसलं आहे. तिथे स्क्रिप्टने थांबून तुम्हाला विचारावं.

स्क्रिप्ट मध्येच थांबते आणि ४२९ अशी चूक दाखवते. का?

४२९ म्हणजे 'फार विनंत्या झाल्या, थोडं थांबा'. प्रत्येक सेवा वेगाची मर्यादा घालते. मॅस्टोडॉनमध्ये डिलीटची मूळ मर्यादा ३० मिनिटांत ३० पोस्ट आहे. या हिशेबाने दिवसाला १४४० पोस्ट जातात आणि दहा हजार पोस्टना सुमारे सात दिवस लागतात. ब्लूस्काय या अशाच दुसऱ्या सेवेवर मर्यादा गुणांत मोजतात: तासाला ५०००, दिवसाला ३५०००, नवी नोंद करायला ३ गुण आणि पुसायला १. तिथे तेच दहा हजारांचं काम दोन-तीन तासांत उरकतं.

थांबायला सांगितलं की थांबा. सर्व्हरच्या उत्तरात किती वेळ थांबायचं हे बहुधा लिहिलेलं असतं. नसेल तर प्रत्येक वेळी दुप्पट थांबा. लगेच पुन्हा पुन्हा दार ठोठावलं तर खातं संशयास्पद ठरून गोठवलं जाऊ शकतं. ४०४ आलं तर पोस्ट आधीच गेलेली आहे, नोंद करून पुढे जा. ४०१ आलं तर स्क्रिप्टची खात्यात शिरण्याची किल्ली चालत नाही, सगळंच थांबवा. उडवलेल्या प्रत्येक पोस्टचा क्रमांक लगेच फाइलमध्ये लिहा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येईल.

एपीआय परवडत नाही किंवा मिळतच नाही. ब्राउझरमधून करता येईल का?

येतं, पण मी तो शेवटचा पर्याय मानते. ट्विटरने फेब्रुवारी २०२३ मध्ये मोफत एपीआय बंद करण्याची घोषणा केली आणि रेडिटने १ जुलै २०२३ पासून मोठ्या वापराला दर लावले. त्यानंतर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे उघड्या पानावर थेट कोड चालवण्याच्या चौकटीत, चिकटवायच्या स्क्रिप्टची चलती झाली. त्या पानावरचं मेनूचं बटण शोधतात, 'डिलीट' दाबतात, खात्री विचारणारं बटण दाबतात, पान खाली सरकवतात आणि पुन्हा तेच. पानाची रचना जरा बदलली की त्या अडखळतात.

धोका वेगळाच आहे. कन्सोलमध्ये चिकटवलेला कोड तुमच्या उघड्या खात्यात तुमच्या नावाने काहीही करू शकतो: संदेश वाचणं, पोस्ट करणं, लॉगिनची माहिती बाहेर पाठवणं. फेसबुकच्या पानावर कन्सोल उघडला की मोठ्या अक्षरांत थांबण्याची सूचना दिसते ती याचसाठी. प्रत्येक ओळ समजत असेल तरच चिकटवा. पैसे घेणारी तयार सेवा वापरतानाही हाच विचार करा. पासवर्ड मागणाऱ्या सेवेला तो देणं म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या.

प्रत्येक ठिकाणी स्क्रिप्ट लागतेच का?

नाही, आणि जिथे लागत नाही तिथे वापरू नका. मॅस्टोडॉनमध्ये पोस्ट आपोआप डिलीट करण्याची सोय आतच आहे. एका आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंत मुदत निवडता येते. पिन केलेल्या, स्वतः आवडती किंवा बुकमार्क केलेल्या, फोटो किंवा मतचाचणी असलेल्या पोस्ट आणि थेट संदेश वगळता येतात. इतकी विचारपूर्वक केलेली रचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही. माझी राखीव यादी तिच्यावरूनच सुचली.

फेसबुकवर जून २०२० पासून ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये एकगठ्ठा पोस्ट निवडून त्या फक्त स्वतःला दिसतील अशा ठेवता येतात किंवा कचरापेटीत टाकता येतात. कचरापेटीतून त्या ३० दिवसांनी जातात. इन्स्टाग्रामवरही 'तुमची ॲक्टिव्हिटी' मधून असंच करता येतं. दोन्हीकडे काम तुम्हालाच बसून करावं लागतं. पण ३० दिवसांची माघार मिळते, जी स्क्रिप्ट देत नाही.

रेडिटवर आधी पोस्ट बदलून मग डिलीट करतात. खरंच गरज आहे?

टिप्पणी डिलीट केली की तिच्या जागी 'डिलीट केली' एवढी खूण उरते आणि खालची उत्तरं राहतात. आधी मजकूर बदलण्यामागचा विचार असा की सर्व्हरवर किंवा नंतर प्रत घेणाऱ्याकडे बदललेला मजकूर जावा. आधीच घेतलेल्या प्रतींवर त्याचा काही परिणाम होत नाही. फायदा मर्यादित, खर्च दुप्पट विनंत्यांचा. ज्यात पत्ता किंवा ओळख पटवणारा तपशील आहे अशा टिप्पण्यांपुरतं करा, बाकीच्या सरळ उडवा.

स्क्रिप्ट रोज आपोआप चालावी यासाठी काय लागतं?

घरी चालू राहणारा संगणक असेल तर ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारा क्रॉन पुरतो. विंडोजवर टास्क शेड्युलर. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या ॲक्शन्स सोयीवरही चालते, पण तिथली वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी लागते. सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या उघड्या साठ्यात, ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रक बंद होतं. कळेपर्यंत चार महिन्यांच्या पोस्ट साठलेल्या असतात. टोकन, म्हणजे स्क्रिप्टला खात्यात शिरू देणारी किल्ली, कोडमध्ये कधीही लिहू नका. चुकून सार्वजनिक झालं तर कोडमधली ओळ पुसून भागत नाही, जुन्या आवृत्तीत ते राहतंच; टोकनच रद्द करा. ब्लूस्कायवर मुख्य पासवर्डऐवजी ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त स्क्रिप्टसाठीचा वेगळा पासवर्ड, तयार करा.

दर फेरीनंतर स्वतःला एक ओळीचा संदेश जाईल अशी सोय करा: किती पाहिल्या, किती उडवल्या, किती राखल्या. रोज पाहिला नाही तरी चालेल. तो येणं थांबलं की लक्षात येतं.

डिलीट केलेली पोस्ट खरोखर नाहीशी होते का?

तुमच्या प्रोफाइलवरून होते. कुणी सहज तुमचं नाव शोधलं तर ती सापडत नाही, आणि बहुतेकांना हवं असतं ते एवढंच. त्यापलीकडे खात्री देता येत नाही. बॅकअपमधून माहिती जायला वेळ लागतो. खातं डिलीट केल्यावर सगळी माहिती पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, असं फेसबुक स्वतःच सांगतं. फोटोचा थेट पत्ता काही काळ चालू राहू शकतो. स्क्रीनशॉट आणि इतरांनी उद्धृत केलेला मजकूर तुमच्या हातात नाही.

मॅस्टोडॉनसारख्या विखुरलेल्या जाळ्यात तुमची पोस्ट अनेक सर्व्हरवर पोहोचलेली असते. डिलीट केल्यावर त्या सगळ्यांना निरोप जातो आणि नीट चालणारे सर्व्हर तो पाळतात, पण सक्ती कुणाचीच नाही. ब्लूस्कायचा सार्वजनिक प्रवाह कुणालाही ऐकता येतो, त्यामुळे तिथेही प्रत कुणी ठेवली हे सांगता येत नाही. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जपतं. तिथून स्वतःचं पान काढण्याची विनंती करता येते. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तर २०१० साली ट्विटरशी करार करून २०१७ अखेरपर्यंतच्या सार्वजनिक ट्वीट्सचा मजकूर साठवला; त्यापुढे निवडकच घ्यायचं ठरवलं. भाषा-मॉडेलांसाठी गोळा झालेल्या मजकुराचंही तसंच: एकदा उचललेलं तुमच्या डिलीटने मागे येत नाही.

म्हणून पोस्ट जितकी कमी दिवस उघडी राहील, तितक्या तिच्या प्रती होण्याची शक्यता कमी. दहा वर्षांनी एकदम साफसफाई करण्यापेक्षा छोटी मुदत ठेवून रोज चालणारी स्क्रिप्ट अधिक संरक्षण देते.

गूगलमध्ये अजून दिसते आहे.

शोधयंत्र त्या पानावर पुन्हा फिरकलं की जाईल. घाई असेल तर गूगलचं जुनी झालेली माहिती काढण्याचं साधन वापरा. त्यासाठी मूळ पोस्ट आधी गेलेली असावी लागते.

सगळं उडवलं, तरी पोस्टची संख्या शून्य होत नाही.

संख्या वेगळी साठवलेली असते आणि मोठ्या साफसफाईनंतर ती बरेचदा प्रत्यक्षाशी जुळत नाही. काही वेळा इतरांच्या पुन्हा शेअर केलेल्या पोस्ट उरलेल्या असतात; त्या डिलीट होत नाहीत, शेअर मागे घ्यावं लागतं, म्हणजे स्क्रिप्टमध्ये वेगळी विनंती. लाइक्सचंही तेच. एक्सवर जून २०२४ पासून लाइक्स इतरांना दिसत नाहीत, त्यामुळे तिथे ते काम आता मागे ठेवलं तरी चालेल.

डिलीट करू नये अशी वेळ कोणती?

कोर्टात काही चालू असेल किंवा सुरू होण्याची चिन्हं असतील तर स्क्रिप्ट त्याच दिवशी बंद करा आणि वकिलाला विचारा. पुरावा नष्ट केला असा अर्थ निघू शकतो, आणि 'आपोआप झालं' हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. तुमचा कुणी ऑनलाइन छळ करत असेल तर त्याला दिलेली उत्तरंही राहू द्या. पोलिसांपुढे क्रम दाखवायला ती लागतील.

सार्वजनिक पदावरच्या व्यक्तींनी पदाच्या खात्यावर ही स्क्रिप्ट लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. सामान्य माणसाच्या गप्पा विसरल्या जाण्याचा त्याला हक्क आहे; पदावरून दिलेलं आश्वासन मात्र लोकांचं आहे. राजकारण्यांनी उडवलेले ट्वीट जपणारा पॉलिटवूप्स हा प्रकल्प याच भूमिकेवर उभा राहिला होता.

संस्थेचं किंवा गटाचं खातं असेल तर बाकीच्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता स्क्रिप्ट नको आहे. नुसती फाइल पुसली तर चालेल?

नाही, फाइल पुसल्याने परवानगी जात नाही. आधी वेळापत्रकातली नोंद काढा. मग खात्याच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या ॲप्सची यादी उघडा आणि तिची परवानगी रद्द करा. ब्लूस्कायवर ॲप पासवर्ड काढून टाका. यादीत पूर्वी कधीतरी जोडलेली आणि विसरलेली चार ॲप्स दिसतील, त्यांचीही परवानगी काढा. उडवलेल्या पोस्टच्या नोंदीची फाइल कुठे पडली आहे तेही बघा. तिच्यात सगळा मजकूर अजून जसाच्या तसा आहे.